दुष्काळात तेरावा ऐकला होता, पण पंधरावा? (इ.स.पू. ४६ ची गोष्ट)

अनारसेग्रस्त (धागाकर्ता)

गेल्या अधिक श्रावणात सासूबाईंनी रीतसर वाण दिलं. तांब्याच्या ताम्हनात तेहतीस अनारसे, मधोमध तुपाचं निरांजन, वर क्रोशाचा रुमाल आणि त्या रुमालाच्या जाळीत अडकलेली खसखस. तेहतीसच का, असं सहज विचारलं. सासरे म्हणाले, "अधिक साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, म्हणून." मग मी उगाच खाजवून खरूज काढली. "आणि पंचांगवाल्यांनी अधिक घातलाच नाही तर?" सासरे म्हणाले, "मग काय, दिवाळीचा फराळ भर पावसात खा."

तो प्रकार एका ठिकाणी खरोखर झाला होता. रोममध्ये.

रोमनांचं जुनं वर्ष ३५५ दिवसांचं. मार्च, मे, क्विंटिलिस (म्हणजे नंतरचा जुलै) आणि ऑक्टोबर हे ३१ चे, फेब्रुवारी २८ चा, बाकी सगळे २९ चे. सूर्याशी मेळ राहावा म्हणून साधारण वर्षाआड फेब्रुवारीच्या २३-२४ तारखेनंतर अधिक महिना घुसवायचा, म्हणजे वर्ष २२-२३ दिवसांनी वाढायचं. इथवर ठीक. पण अधिक कधी घालायचा हे गणितावर नव्हतं. ते पाँटिफेक्स म्हणवणाऱ्या पुरोहितांच्या मंडळाच्या हातात होतं. आणि हे पुरोहित म्हणजे सोवळं नेसून बसलेले गुरुजी नव्हेत. सेनेटमध्ये बसणारे तेच, निवडणुका लढवणारेही तेच. कॉन्सलची (रोमचा सर्वोच्च निवडून आलेला अधिकारी) मुदत एक वर्ष. आपला माणूस खुर्चीत असला की वर्ष लांबवा, नावडता असला की अधिक गाळा. करवसुलीच्या मक्तेदारांचं नफा-नुकसानही त्यावर ठरायचं.

सिसरो इ.स.पू. ५१ मध्ये किलिकियाचा (तुर्कस्तानचा दक्षिण किनारा) सुभेदार होता. मुदत एका वर्षाची आणि याला घरची ओढ. रोममधल्या मित्राला तो पत्रांतून विनवतो की काही कर, पण अधिक पडू देऊ नकोस. त्याच सुमारास क्युरिओ नावाच्या ट्रिब्यूनला (सामान्य जनतेने निवडलेला अधिकारी) नेमकं उलटं हवं होतं. त्याने अधिक मागितला, तो मिळाला नाही, आणि गडी सीझरच्या गोटात गेला. (त्याची कर्जं सीझरने फेडली, ही बाब अलाहिदा.)

सीझर स्वतः इ.स.पू. ६३ पासून मुख्य पुरोहित. पण आधी तो गॉलमध्ये, मग यादवीत. इ.स.पू. ५२ नंतर पाच वर्षं अधिक पडलाच नाही. शेवटी रोमच्या पंचांगात ४६ चा १ जानेवारी उजाडला तेव्हा सूर्याच्या हिशेबाने ऑक्टोबरचा मध्य होता. सुगीचे सण उन्हाळ्यात येईनात, द्राक्षांचे सण शरदात येईनात. आफ्रिकेतली थाप्ससची लढाई इतिहासात ६ एप्रिलला लिहिलेली असते, ती खरी झाली फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.

मग सीझरने सगळी थकबाकी एकदम भरली. फेब्रुवारीत २३ दिवसांचा नेहमीचा अधिक, शिवाय नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मध्ये आणखी दोन महिने, मिळून ६७ दिवस. ३५५ + २३ + ६७ = ४४५. महिने पंधरा. मॅक्रोबियस नावाचा नंतरचा लेखक याला 'गोंधळाचं शेवटचं वर्ष' म्हणतो. (तो दिवस ४४३ देतो, सेन्सोरिनस ४४५. बेरीज सेन्सोरिनसचीच जुळते.)

आता माझी खाज अशी: रोममध्ये हे चाललं होतं तेव्हा बाकीच्या जगात कोणतं साल होतं, आणि तिथे अधिक कोण ठरवत होतं? जाणकारांनी भर घालावी.

---

खवचट_खान

रुमाल टाकून ठेवतो. (अनारशांवरचा नव्हे.)

---

मातीची_वीट

मस्त धागा. बाबिलोनपासून सुरू करू, कारण या विषयातले खरे सरळमार्गी लोक तेच.

तिथे इ.स.पू. ४६ च्या वसंतात सेल्युकिड सनाचं २६६ वं वर्ष लागलं. तेव्हा सत्ता पार्थियनांची होती, त्यांचा स्वतःचा आर्सेसिड सन, त्याचं हे २०२ वं. मातीच्या विटांवर लिहिणारे कारकून दोन्ही टाकायचे: 'साल २०२, म्हणजेच साल २६६'. आपल्या लग्नपत्रिकेवर शके आणि इसवी शेजारी-शेजारी असतात तसं.

आणि अधिक? १९ वर्षांत ७. ठरलेल्या जागी. त्यातल्या सहा वेळा वर्षाचा शेवटचा महिना अद्दारू दुसऱ्यांदा यायचा, एकदा सहावा महिना उलूलू. राजा बदलो, राजवट बदलो, मेसोपोटेमियावर ग्रीक येवोत की पार्थियन, या सातात फरक नाही. ज्याच्या सुरेना नावाच्या सरदाराने रोमन सेनापती क्रॅससची बरीचशी फौज कऱ्हेच्या लढाईत कापून काढली, तो पार्थियन राजा ओरोडीस गादीवर होता, पण अद्दारू त्याला विचारून येत नव्हता.

---

तिसरी_घंटा

एक भाबडी शंका. रोममध्ये ज्यांनी कर्ज काढलं होतं त्यांनी त्या वर्षी व्याज किती महिन्यांचं भरलं? आमच्या पतपेढीत तारखेचा एक दिवस इकडे-तिकडे झाला तर मॅनेजर असा बघतो की जणू त्याच्या बापाची ठेव मोडली.

---

अनारसेग्रस्त

@तिसरी_घंटा, शंका भाबडी अजिबात नाही. रोममध्ये व्याज महिन्याच्या पहिल्या तारखेला भरायचं. पहिल्या तारखेला म्हणायचे कॅलेंडी, आणि कर्जाच्या खतावणीला कॅलेंडारियम. म्हणजे आपण भिंतीवर टांगतो ते कॅलेंडर मुळात सावकाराची वही आहे!

---

पायऱ्या_मोजणारा

व्याजावरून आठवलं. आमच्या नाशकातच याचं उत्तर दगडावर आहे, फक्त रोमचं नव्हे, आपलं.

पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे (नहपान क्षत्रपाचा जावई. धागाकर्त्याने जावयांची नोंद घ्यावी). हा लेख इ.स.पू. ४६ नंतर शतकाहून अधिक काळाने कोरलेला आहे, तरी विषयाला धरून आहे. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी (भिक्षूचं वस्त्र).

आता हिशेब करा. २००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०. वीस भिक्षू गुणिले १२ म्हणजे २४०. २४० भागिले २० बरोबर बारा महिने. अधिकाचं व्याज हिशेबात धरलेलंच नाही! मी ओसरीत उभा राहून मोबाइलवर हा गुणाकार करत होतो आणि मागून शाळेची सहल आली. एक पोरगं बाईंना म्हणालं, "हे काका लेण्यात पण ऑफिसचं काम करतायत."

---

खवचट_खान

म्हणजे अधिक महिन्यात भिक्षूंनी जुनंच चीवर धुवून वापरायचं.

---

पायऱ्या_मोजणारा

:) राहिलेली गोष्ट सांगतो, कारण धाग्याशी जास्त संबंध तिचाच आहे. त्याच डोंगरावर कालगणनेच्या दोन तऱ्हा शेजारी-शेजारी आहेत. क्षत्रपांच्या लेखात 'वसे ४२ वेसाख मासे' असं आहे: वर्ष ४२, वैशाख महिना. आपल्याला लगेच कळतं. पण काही पावलांवर तिसऱ्या लेण्यात सातवाहनांचे लेख आहेत, त्यात महिन्याचं नावच नाही. पुळुमावीच्या लेखात 'सवछरे एकुनवीसे, गिम्हाण पखे बितीये, दिवसे तेरसे'. राजाच्या राज्याचं १९ वं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. वर्षाचे तीन ऋतू: गिम्ह, वास, हेमंत. प्रत्येकात आठ पक्ष. अन् वर्षाचा आकडा राजा बदलला की पुन्हा एकपासून.

त्यामुळे 'इ.स.पू. ४६ ला महाराष्ट्रात कोणतं साल होतं' या प्रश्नाचं सातवाहनी पद्धतीचं उत्तर 'गादीवर कोण आहे आणि किती वर्षं झाली' असं. शालिवाहन शक तेव्हा नव्हताच, तो इसवी ७८ चा. सव्वाशे वर्षं बाकी होती.

---

कलियुग_गतवर्ष

कसलं साल नव्हतं! आपल्याकडे अखंड गणना होतीच. इ.स.पू. ४६ च्या पाडव्याला कलियुगाची ३०५६ वर्षं झालेली. विक्रम संवत १२. पाश्चात्त्य लोक महिने मोजायला शिकत होते तेव्हा आपण अहर्गण (दिवसांची सलग मोजणी) काढत होतो.

---

गोदाकाठ

दादा, आकडे बरोबर आहेत, पण ते आपण आज मागे जाऊन मांडलेले आहेत. त्या वर्षी जिवंत असलेल्या कोणी 'आज कलि ३०५६' असं लिहिलेलं नाही. कलीचे आकडे ठळकपणे दिसतात ते आर्यभटाकडे (३६०० वर्षं गेल्यावर, म्हणजे इसवी ४९९) आणि मग ऐहोळेच्या शिलालेखात, इसवी ६३४, जिथे रविकीर्ती कलि ३७३५ आणि शक ५५६ दोन्ही देतो. हा तोच लेख, ज्यात पुलकेशीने ९९,००० गावांची तीन महाराष्ट्रकं मिळवली असं म्हटलंय. विक्रम संवताचंही तसंच. गणना जुनी, पण सुरुवातीच्या लेखांत तिला 'कृत' म्हणतात, मग 'मालव', विक्रमाचं नाव पार नंतर चिकटलं.

अभिमान बाळगायचाच तर वेदांग ज्योतिषाचा बाळगा. पाच वर्षांचं युग, १८३० दिवस, ६२ चांद्र महिने, त्यात दोन अधिक ठरलेल्या जागी: एक मध्यावर, एक शेवटी. गणित थोडं ढोबळ आहे, वर्ष ३६६ दिवसांचं पडतं, त्यामुळे मधूनमधून दुरुस्ती लागणारच. पण अधिक कधी घालायचा हा नियम आहे. कोणाची मर्जी नाही.

---

कलियुग_गतवर्ष

मर्जीचा मुद्दा मान्य. बाकी बसून बोलू.

---

टोआपायोकर

सिंगापुरातून हजेरी. शेजारच्या चिनी आजोबांकडून साठ वर्षांचं चक्र शिकलोय, तेव्हा माझाही वाटा.

इ.स.पू. ४६ म्हणजे हान घराण्याच्या युआन सम्राटाच्या 'चूयुआन' या पर्वाचं तिसरं वर्ष. चक्रात यी-हाय, वराहाचं वर्ष. त्या वर्षी चीनने हैनान बेटावरचा झुया परगणा सोडून दिला. सारखी बंडं व्हायची, मुख्य भूमीवर दुष्काळ होता, परवडेना.

पण खरी गंमत अधिकाची आहे. इ.स.पू. १०४ मध्ये त्यांनी ताइचू पंचांग आणलं. सूर्याच्या वाटेचे बारा टप्पे पाडलेले, आणि ज्या चांद्र महिन्यात त्यातला एकही टप्पा येत नाही तो अधिक. ओळखीचं वाटतंय का?

---

गोदाकाठ

अरे! ज्या चांद्र महिन्यात संक्रांत नाही तो अधिक. शब्दशः आपला नियम.

---

टोआपायोकर

तेच म्हणतोय. आजोबांना मी 'संक्रांतिरहित' समजावलं तर ते म्हणाले, "मग तुम्ही लोक वेगळं काय करता?" मी तिळगूळ दिला.

---

रत्नांग्रीकर

नियम असला म्हणून भांडण मिटतं असं समजू नका हो. आमच्याकडे टिळक पंचांग मानणारी घरं आहेत. राशिचक्र कुठून सुरू करायचं यात साधारण चार अंशांचा फरक, त्यामुळे संक्रांती वेगळ्या दिवशी, त्यामुळे काही वर्षी अधिक वेगळा. झालं! एका आळीत गणपती बसून विसर्जनसुद्धा होतं आणि शेजारची आळी महिनाभराने मखर लावायला घेते. आमची आजी दोन्हीकडे आरतीला जायची. म्हणायची, "मोदक काय टिळकांचे नि दात्यांचे वेगळे लागतात?"

---

मातीची_वीट

@रत्नांग्रीकर, पण हा वाद गणिताचा आहे. कोणाची खुर्ची महिनाभर टिकावी म्हणून घातलेला अधिक आणि अयनांशावरून (राशिचक्राच्या सुरुवातीच्या त्या फरकावरून) वेगळा पडलेला अधिक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

नाईलकन्या

इजिप्त कसं राहिलं? सगळ्यांत साधा कारभार त्यांचा. बारा महिने, प्रत्येकी ३० दिवस, शेवटी पाच सुटे दिवस. ३६५. अधिक नाही, क्षय नाही, लीप नाही. दर चार वर्षांनी पंचांग ऋतूंच्या एक दिवस पुढे सरकतं, सरकू द्या. इ.स.पू. २३८ मध्ये टॉलेमी राजाच्या काळात पुरोहितांनी ठराव केला (कॅनोपसचा ठराव म्हणून दगडावर आहे) की चार वर्षांनी एक सहावा सुटा दिवस घालावा. कोणी ऐकलं नाही.

इ.स.पू. ४६ मध्ये तिथे क्लिओपात्राचं सहावं वर्ष चालू होतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला थोथ महिना लागला की सातवं. आणि बाईसाहेब तेव्हा होत्या कुठे? रोममध्ये, टायबरपलीकडच्या सीझरच्या बागेतल्या वाड्यात. म्हणजे ३६५ चा हिशेब डोक्यात घेऊन आलेली राणी ४४५ च्या वर्षात पाहुणी. सीझरला नवं पंचांग आखून देणारा सोसिजेनीसही परंपरेने अलेक्झांड्रियाचाच मानतात. चार वर्षांनी एक दिवस ही जी कल्पना इजिप्तने दोनशे वर्षं गुंडाळून ठेवली होती, ती रोमने उचलली.

---

आठवडी_बाजार

आणि उचलून लगेच सांडली, ते सांगा की!

सीझरचा खून इ.स.पू. ४४ मध्ये. नियम होता 'दर चौथ्या वर्षी' एक दिवस जादा. रोमन मोजताना सुरुवातीचा आकडाही धरायचे, त्यामुळे पुरोहितांनी 'चौथं' म्हणजे तीन वर्षांनी असं धरलं. छत्तीस वर्षं असंच चाललं. नऊच्या जागी बारा लीप दिवस पडले. ऑगस्टसने मग काही वर्षं लीप बंदच ठेवली, तेव्हा घडी बसली.

हसू नका. आपण "आठ दिवसांनी ये" म्हणतो आणि येणारा बरोबर सातव्या दिवशी येतो. सात दिवसांच्या काळाला आठवडा म्हणतो. रोमनांचा बाजार दर आठ दिवसांनी भरायचा, त्याला ते 'नऊचा' म्हणायचे, नुंडिने. दोघांची खोड एकच. फरक इतकाच की आपल्या आठवड्यावर कोणी लीप वर्ष बांधलं नाही.

---

तिसरी_घंटा

हे 'आठ दिवसांनी' मी आमच्या जर्मन साहेबाला समजावू शकलो नव्हतो. आता रोमचं नाव सांगेन, लगेच पटेल.

---

चिंचपोकळी_ते_चिचेन

मेसोअमेरिकेतून दोन ओळी. तिथे नुसते दिवस मोजणारी 'दीर्घ गणना' होती, अहर्गणासारखी. तारीख कोरलेला सगळ्यांत जुना ज्ञात दगड इ.स.पू. ३६ चा, म्हणजे आपल्या वर्षानंतर दहा वर्षांचा, मेक्सिकोतल्या चियापासचा. त्यात अधिकाचा प्रश्नच येत नाही.

---

गोदाकाठ

हेच सुटकेचं साधन आहे. वेगवेगळी पंचांगं जुळवायची तर वर्षांना वर्षं लावू नका, दिवस मोजा. रोमच्या गोंधळानंतरचा पहिला १ जानेवारी (इ.स.पू. ४५) कलि अहर्गणाने ११ लाख १६ हजारांच्या घरात येतो. त्या आकड्यावर बाबिलोन, अलेक्झांड्रिया, चांगआन (हानांची राजधानी) सगळे एका रांगेत बसवता येतात. 'इ.स.पू. ४६' नावाचं जे खोकं आपण वापरतोय त्याच्या कडा कोणाशीच जुळत नाहीत. बाबिलोनचं वर्ष वसंतात लागलं, अथेन्सचं उन्हाळ्यात (१८३ व्या ऑलिंपियाडचं तिसरं), इजिप्तचं सप्टेंबरात. आणि रोमचं तर आदल्या ऑक्टोबरातच सुरू झालेलं.

आणखी एक मेख: इसवी एकच्या मागे थेट इ.स.पू. एक, मध्ये शून्य नाही. म्हणून खगोलवाले याच वर्षाला उणे ४५ लिहितात. कोणी बेरीज-वजाबाकी करून भांडायला आलं तर आधी हे विचारा.

---

अनारसेग्रस्त

काय एकेक प्रतिसाद! वाचनखूण माझ्याच धाग्याला लावतोय.

सिसरोचं एक राहिलं होतं. त्या वर्षीचं त्याचं एक पत्र आहे, लिगारियस नावाच्या हद्दपार माणसाला. त्यात तो सांगतो की तुझ्या भावांच्या विनंतीवरून मी सकाळीच सीझरकडे गेलो. कधी? 'पहिल्या अधिकाच्या पहिल्या तारखेच्या पाच दिवस आधी.' नोव्हेंबर २९ चा, दोन्ही टोकं धरून मोजायचं, म्हणजे २६ नोव्हेंबर. 'पहिल्या' हा शब्द बघा. दुसरा रांगेत उभा आहे हे माहीत असलेला माणूसच तारीख अशी घालतो. वाचताना मला एकदम ते वर्ष आतून दिसलं. बाजारात, कोर्टात, पत्रात लोक मुकाट्याने 'अधिक पहिला', 'अधिक दुसरा' लिहितायत. लिगारियसला माफी मिळाली. पुढे सीझरच्या खुनाच्या कटात तोही सापडतो.

नवं पंचांग लागू झाल्यावर कोणीतरी सिसरोला म्हणालं, उद्या लायरा उगवणार. (लायरा म्हणजे आपला अभिजित ज्यात येतो ते तारे.) सिसरो म्हणाला, "हो, तसा हुकूमच आहे." एवढी चांगली सुधारणा, तरी म्हाताऱ्याला तिच्यात हुकूमशहाच दिसला. मला वाटतं त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. बाबिलोनमध्ये जे काम १९ च्या आकड्याने होत होतं, त्यासाठी रोमला यादवी जिंकलेला सेनापती लागला.

---

खवचट_खान

मूळ मुद्दा सगळे विसरले. दर अधिकाला ३३ अनारसे, त्या वर्षी तीन अधिक. रोमन जावयाला ९९ मिळाले असणार.

---

नाईलकन्या

सीझरच्या घरी नाही. त्याची एकुलती एक मुलगी ज्युलिया इ.स.पू. ५४ मध्ये बाळंतपणात गेली. जावई पाँपी सासऱ्याशीच लढला, हरला आणि ४८ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरताना मारला गेला. त्याचं मुंडकं टॉलेमीच्या लोकांनी सीझरपुढे नजराणा म्हणून ठेवलं. सासरा रडला म्हणतात. अधिक पडले तीन, पण वाण घ्यायला जावईच उरला नव्हता.

---

अनारसेग्रस्त

हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जरा कमी प्रश्न विचारा, आणि ताम्हन परत आणून द्या. तीन वर्षं झाली."